गुऱ्हाळावर दोन इन्फ्रारेड गन, दोन वेगळे आकडे. खरा कुठला धरायचा?

ऊसकरी_करवीर

नमस्कार मंडळी. आमचं करवीर तालुक्यात घरचं गुऱ्हाळ आहे, आजोबांच्या वेळेपासून चालू आहे. आमच्याकडे गुळवे मामा आहेत, चाळीस वर्षं काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, उभे आहेत, पाक पाण्यात टाकून बोटात गोळी करून बघतात आणि उतरवा म्हणतात, आजपर्यंत त्यांचं आधण (एका वेळी काहिलीत शिजणारा घाणा) क्वचित चुकलं. पण आता त्यांचं वय झालंय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि मला मनापासून वाटतं की त्यांच्या हातात जे आहे ते थोडंतरी आकड्यात पकडून ठेवावं, नाहीतर पुढे आम्हाला कोण सांगणार.

म्हणून दोन वर्षांपूर्वी एक इन्फ्रारेड थर्मामीटर गन घेतली, यंदा सीझनच्या सुरुवातीला दुसरी घेतली. आता गंमत नाही तर काळजीची गोष्ट अशी की एकाच काहिलीवर, एकाच वेळी, एकाच जागी लेझर धरला तरी जुनी १०८-१०९ दाखवते आणि नवी ११५-११६. मी नवीवर विश्वास ठेवला कारण मामा उतरवा म्हणायचे तेव्हा नवीवर बरोबर ११६ च्या आसपासच असायचं, आणि सगळीकडे वाचलेलं पण तेच आहे की घट्ट ढेपेच्या गुळाला ११६-११८ लागतं.

पण डिसेंबरात थंडी पडली, आणि मागच्या आठवड्यात मामा दवाखान्यात होते त्या दिवशी पहाटेची दोन आधणं मी नव्या गनच्या भरवशावर घेतली, ११६ होईपर्यंत थांबलो, आणि दोन्ही आधणांचा गूळ काळपट पडला, कडक झाला, खाली थोडा करपल्याचा वास. म्हणजे गन कमी दाखवत होती का? मग जुनी तर अजून कमी दाखवते. घरी कॅलिब्रेट करता येते का? का लॅबला पाठवू? कुणी अनुभवी असेल तर नीट सांगा, आधण वाया गेलं की नुसते पैसे जात नाहीत, शेतकऱ्याचा ऊस असतो तो.

---

राजू_इस्लामपूर

दोन्ही स्वस्तातल्या असणार. चांगल्या कंपनीची एक घ्या आणि विषय संपवा. आमच्या बेकरीत एकच आहे, पाच वर्षं झाली, काही त्रास नाही.

---

तापमापक_भोसरी

राजूभाऊ, बेकरीच्या ओव्हनची भिंत आणि उकळती काहिल ह्यात फार फरक आहे, महागडी गन घेतली तरी ह्यांचा प्रॉब्लेम तसाच राहील असं मला वाटतं.

ऊसकरी भाऊ, मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करतो, टेंपरेचरचंच काम, अकरा वर्षं झाली. थोडं लांबलचक लिहितो पण सगळं वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे ही गन तापमान मोजतच नाही. समोरच्या पृष्ठभागावरून जे इन्फ्रारेड किरण येतात ते मोजते, बहुतेक गन ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात बघतात, आणि त्यावरून आतलं सर्किट तापमानाचा हिशोब मांडतं. त्या हिशोबात एक आकडा तुम्ही द्यायचा असतो, एमिसिव्हिटी, म्हणजे तो पृष्ठभाग किती मनापासून किरण सोडतो ते. मॅट काळा रंग, पाणी, तेल, पाक, माणसाची कातडी ही सगळी ०.९५ च्या आसपास. चकचकीत स्टील किंवा ॲल्युमिनियम मात्र ०.१ ते ०.३ असलं काहीतरी, म्हणून स्टीलच्या पातेल्यावर गन धरली की उकळतं असलं तरी चाळीस-पन्नास दाखवते, कारण ती पातेल्यात खोलीचं प्रतिबिंब बघत असते. साध्या गनमध्ये हा आकडा ०.९५ ला फिक्स असतो, थोड्या वरच्या गनमध्ये बदलता येतो. तुमच्या नव्या गनवर तो किती आहे ते आधी बघा, स्क्रीनच्या कोपऱ्यात ई सारखं चिन्ह आणि पुढे शून्य पॉइंट काहीतरी असेल.

दुसरं, वाफ. तुमचा खरा शत्रू हाच असणार. काहिलीवर जी पांढरी वाफ दिसते ते पाण्याचे बारीक थेंब असतात, गन त्यांच्यातून बघते तेव्हा थोडी पाकाची आणि थोडी त्या थंड झालेल्या थेंबांची गरमी धरते, त्यामुळे रीडिंग कमी येतं. किती कमी ते त्या दिवशी वाफ किती दाट आहे त्यावर. वर फेस असला तर अजून वेगळं.

तिसरं, कोन. काहिल मोठी, तुम्ही काठावर उभे राहून मधोमध धरत असणार, म्हणजे गन जवळजवळ आडवी. पाण्यासारख्या पृष्ठभागाला फार तिरकं बघितलं की तो वरच्या पत्र्याचं, आभाळाचं प्रतिबिंब जास्त दाखवायला लागतो. शक्यतो सरळ वरून, निदान ४५ अंशाच्या आत.

चौथं, लेझरचा ठिपका म्हणजे मोजण्याची जागा नाही, तो फक्त दिशा दाखवतो. गनवर १२:१ लिहिलं असेल तर १२० सेंटीमीटरवरून ती १० सेंटीमीटरच्या गोलाची सरासरी घेते, ८:१ असेल तर तेवढ्याच अंतरावरून १५ सेंटीमीटरची. त्या गोलात काहिलीचा कठडा आला की संपलं.

आधी एमिसिव्हिटी बघून सांगा, मग कॅलिब्रेशनचं बोलू.

---

ऊसकरी_करवीर

सर, बघितलं. नवीवर ०.८५ आहे! आम्ही कुणी हात लावलेला नाही असं वाटत होतं पण घरातलं पोरगं बटणं दाबत बसतं, त्यानं केलं असेल किंवा बॉक्समधूनच तसं आलं असेल, देव जाणे. जुनीवर तसलं काही बटणच नाही, म्हणजे ०.९५ फिक्स असणार. आता नवी ०.९५ ला केली आणि आजच्या दुपारच्या आधणाला दोन्ही गन १०९-११० दाखवायला लागल्या. म्हणजे दोन्ही एक झाल्या पण मामांच्या गोळीला ११६ यायचं ते आता येतच नाही. मग नवी आधी बरोबर होती की आता?

---

तापमापक_भोसरी

आधी पण बरोबर नव्हती आणि काहिलीवर आता पण नाही, हेच समजून घेण्यासारखं आहे.

खरी एमिसिव्हिटी ०.९५ असताना गनला ०.८५ सांगितलं की गनला वाटतं पृष्ठभाग कमी किरण सोडतोय, मग ती हिशोबात तापमान वाढवून दाखवते. तुमच्या ११६-११८ च्या पट्ट्यात ही वाढ साधारण सात डिग्री होते, मी हिशोब करून बघितला. आणि वाफ तुमचं रीडिंग सात-आठ डिग्रीनं खाली ओढत होती. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या आणि उत्तर योगायोगानं मामांच्या गोळीशी जुळत होतं. पहाटे थंडीत वाफ जास्त दाट झाली, खाली ओढणं वाढलं, वर ढकलणारी चूक तेवढीच राहिली, तुम्ही ११६ ची वाट बघत बसलात तोपर्यंत पाक खरा १२० च्या वर गेला असणार. म्हणून गूळ करपला.

बरेच लोक हेच करतात, रीडिंग जुळेपर्यंत एमिसिव्हिटी फिरवतात आणि त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते एका दिवसापुरतं जुळवणं झालं. कॅलिब्रेशन म्हणजे ज्याचं तापमान खात्रीनं माहीत आहे असल्या गोष्टीवर गन धरायची आणि किती चुकते ते लिहून ठेवायचं.

घरी दोन ठिकाणी तपासता येतं.

बर्फ. बर्फ अगदी बारीक कुटून रुंद तोंडाच्या डब्यात किंवा थर्मासमध्ये गच्च भरा, पाणी फक्त फटी भरण्यापुरतं, वर तरंगणारं जास्तीचं पाणी ओतून टाका. ढवळा, दहा मिनिटं ठेवा, परत ढवळा आणि सरळ वरून गन धरा, डब्याचा काठ गोलात येता कामा नये. शून्य यायला पाहिजे, एखाद डिग्री इकडेतिकडे चालेल. गन बर्फावर टेकवून धरू नका, भिंग गार होतं आणि त्याच्यावर दव जमतं, मग सगळंच चुकतं.

गरम टोक. इथं लोक उकळतं पाणी सांगतात, ते गनसाठी वापरू नका, परत वाफेचाच घोळ. आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं पाणी १०० ला नाही तर ९८ च्या आसपास उकळतं. पन्हाळगडावर तर ९७ च्या आसपास. हे गुळालाही लागू होतं बरं का, पुस्तकातला ११८ जर समुद्रकाठचा असेल तर तुमच्याकडे तोच पाक साधारण ११६ लाच होतो.

त्यापेक्षा तेल घ्या. जाड बुडाच्या कढईत चार-पाच सेंटीमीटर खोल शेंगतेल, पाण्याचा एक थेंब नको, कढई कोरडी ठणठणीत. आत काडीचा म्हणजे प्रोबचा डिजिटल थर्मामीटर, टोक पृष्ठभागाच्या जरा खाली, बुडाला टेकलेलं नको. १२५ पर्यंत तापवा, गॅस बंद करा, सतत ढवळत राहा आणि उतरताना १२०, ११५, ११० ला गनचं आणि प्रोबचं रीडिंग शेजारी-शेजारी लिहा. तेलाची एमिसिव्हिटी पाकाच्या जवळपासच आहे आणि ह्या तापमानाला तेलातून वाफ येत नाही, म्हणून हे चांगलं जमतं. ढवळणं महत्त्वाचं, नाहीतर वरचा थर गार होतो. पोरांना लांब ठेवा.

पण त्या आधी प्रोब स्वतः तपासायचा, त्याच बर्फात शून्य आणि खळखळ उकळत्या पाण्यात ९८. प्रोब चुकत असेल तर पुढचं सगळं चुकलं. प्रोबला वाफेची अडचण नाही कारण तो पाण्याच्या आत असतो.

---

अंगणवाडी_सेविका_शिराळा

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे पोरांच्या कपाळावर धरायची गन आहे, सकाळी थंडीत सगळी पोरं ३५ दाखवतात, आणि उन्हातून आलेलं पोर ३८. तिला पण असंच बर्फात तपासू का?

---

तापमापक_भोसरी

नको ताई. कपाळाची गन साधारण ३२ ते ४२-४३ एवढ्याच पट्ट्यात चालते, बर्फावर ती नुसतं लो दाखवेल. शिवाय ती कपाळाच्या कातडीचं तापमान घेऊन आतल्या हिशोबानं अंगातल्या तापमानात बदलून दाखवते, त्यामुळे कातडी गार तर आकडा गार. पोरं आत आल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसू द्या, कपाळावरचा घाम पुसा, केस बाजूला करा, गन पण त्याच खोलीत अर्धा तास आधी ठेवलेली असू द्या. तरी शंका आली तर काखेत साधा डिजिटल थर्मामीटर लावूनच खात्री करा. आणि उलटं पण लक्षात ठेवा, कारखान्यातली गन तापासाठी वापरायची नाही, तिची चूकच दोन डिग्रीपर्यंत असू शकते आणि तापात दोन डिग्री म्हणजे फार झाले.

---

फाउंड्री_शिरोली

आमच्याकडे शिरोलीत ओतकाम चालतं, १३५०-१४०० ला लोखंड ओततो, तिथं असली ८-१४ वाली गन कुणी काढतच नाही, वितळलेल्या धातूला प्रोबच बुडवायचा, टोक जळून जातं, दर वेळी नवीन टोक लावायचं, पण आकडा खरा मिळतो. लांबून बघायचं तर एक मायक्रॉनच्या आसपासचा वेगळा पायरोमीटर लागतो, आणि त्याला पण वर स्लॅग आला की वेगळं दिसतं. सांगायचा मुद्दा, ऊसकरी दादा, काहिलीत प्रोबच बुडवा की. मीटरभर लांबीचा स्टीलच्या नळीतला थर्मोकपल किंवा पीटी-१०० (दोन्ही प्रोबचेच प्रकार) मिळतो, ३०४ नाहीतर ३१६ स्टील घ्या म्हणजे खाण्याच्या मालाला चालतं, वर लाकडी मूठ बसवून घ्या. पाक घट्ट असतो म्हणून हलवत राहायचं आणि आकडा थांबेपर्यंत दम धरायचा.

अजून एक. आमच्याकडे प्रत्येक मीटरवर स्टिकर असतो, तपासल्याची तारीख, कुठल्या पॉइंटला किती चूक, पुढची तारीख. आणि गन एकाच माणसानं, एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून वापरायची. आमच्या शॉपवर आम्ही जमिनीवर रंगानं पाय उमटवलेत, त्यावरच उभं राहायचं. आधी दोन शिफ्टचे आकडे कधी जुळत नव्हते, पाय उमटवल्यापासून जुळतात.

---

ऊसकरी_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लागले पण सगळं करून बघितलं.

प्रोब शहरातून आणला, लांब दांड्याचा. बर्फात ०.१ आणि उकळत्या पाण्यात ९८.०, जीव भांड्यात पडला. मग गन. बर्फात जुनी १.० आणि नवी ०.४. तेलात प्रोब १२० असताना जुनी ११७.५, नवी ११९. ११० ला जुनी १०८, नवी १०९.५. तीन-तीन वेळा घेतलं, पाव-अर्ध्या डिग्रीचाच फरक. म्हणजे गन दोन्ही बऱ्यापैकी चांगल्याच निघाल्या, आणि मी दोघींना दोष देत होतो.

मग पहाटेच्या आधणाला मामांना शेजारी खुर्ची देऊन बसवलं. मामांनी गोळी केली, उतरवा म्हणाले, त्याच क्षणी प्रोब ११६.३. गन दोन्ही १०६-१०७. दुपारी ऊन पडल्यावर परत केलं, मामांची गोळी झाली तेव्हा प्रोब ११६.०, गन ११० च्या पुढे. सर म्हणाले तसंच, गनचा आकडा वाफेबरोबर हलतोय आणि प्रोब आणि मामा जागचे हलत नाहीत. मी मामांना आकडा दाखवला तर म्हणाले, मग बरोबर हाय की. पाच आधणांची वही भरली, पाचही वेळा ११५.८ ते ११६.५ च्या आत. चाळीस वर्षं थर्मामीटरशिवाय एवढं नेमकं, मला त्या वहीकडे बघून भरून आलं.

आता काहिलीला प्रोबच. पण गन ठेवून द्यायची का? काहिल उतरवून वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या पसरट हौदात, ओतल्यावर गूळ किती गार झाल्यावर ढेपेला भरायचा ते पण मामा हातानंच ठरवतात, ते गननं मोजता येईल का? आणि लॅबला पाठवायची गरज आहे का अजून?

---

तापमापक_भोसरी

फार छान काम केलंत. हेच आमच्या लॅबमध्ये होतं, फक्त तेलाच्या जागी ब्लॅकबॉडी म्हणजे काळ्या रंगाची तापवलेली प्लेट किंवा पोकळी असते आणि प्रोबच्या जागी वरच्या लॅबमधून तपासून आलेला स्टँडर्ड असतो.

वाफ्यावर गन चांगली चालेल, तिथं वाफ जवळजवळ संपलेली असते आणि गूळ मॅट असतो. फक्त वरचा थर आतल्यापेक्षा गार असतो, म्हणून फावड्यानं किंवा हत्यानं हलवल्या-हलवल्या लगेच मोजा, साय धरल्यावर नाही. अंतर दर वेळी तेच, एक फूट धरा, आणि फाउंड्रीवाल्या दादांनी सांगितलेली पायाच्या खुणांची युक्ती घ्या.

गन चुलवाणाच्या कडेला ठेवू नका, तिचं स्वतःचं अंग ५० च्या आत राहायला पाहिजे. पहाटे गार खोलीतून आणली तर वीस-तीस मिनिटं जागेवर राहू द्या. बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं की त्या दिवशी रीडिंग घेऊ नका. आणि भिंग. गुऱ्हाळात पाकाची वाफ बसून त्याच्यावर चिकट थर चढतो आणि गन हळूहळू कमी दाखवायला लागते, जुनीचा कमीपणा त्यातलाच असू शकतो. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा, मग कानकाडी स्वच्छ पाण्यात किंचित ओली करून हलक्या हातानं फिरवा. थिनर, ॲसिटोन बिलकुल नाही, साध्या गनचं भिंग बऱ्याचदा प्लास्टिकचं असतं.

काहिलीच्या बाहेरच्या बाजूचं किंवा कुठल्या चकचकीत पत्र्याचं मोजायचं असेल तर तिथं सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा हीटप्रूफ रंग रुपयाएवढा मारा आणि त्यावर मोजा. काळी इलेक्ट्रिकची टेप पण चालते पण ऐंशीच्या पुढे ती सुटते. पाकाच्या बाजूला रंग अजिबात नको.

लॅबचं म्हणाल तर गन पाठवू नका, प्रोब पाठवा, वर्षातून एकदा, सीझन सुरू व्हायच्या आधी. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब बघा आणि त्यांना तुमचे पॉइंट सांगा, १००, ११०, ११५, १२०. सांगितलं नाही तर ते त्यांच्या सोयीच्या पॉइंटला करून देतात आणि तुम्हाला लागतो तोच आकडा सर्टिफिकेटवर नसतो. आणि लॅब प्रोब दुरुस्त करून देत नाही, किती चुकतो ते लिहून देते, वजाबाकी-बेरीज आपणच करायची. गन मग त्या प्रोबवरून दर महिन्याला तेलात तुम्हीच तपासा.

---

ऊसकरी_करवीर

पटलं सर. भिंग आत्ताच पुसलं, कानकाडी तपकिरी झाली! परत तेलात बघितलं तर जुनी १२० ला आता ११८.५ दाखवते. स्टिकर लावले दोन्हीवर. जुनीवर लिहिलं, १२० ला वजा १.५. नवीवर १२० ला वजा १. वाफ्यापाशी विटांची खूण केली, तिथंच उभं राहायचं. मामांच्या हाताप्रमाणे भरायचा आकडा आता वहीत लिहायला घेतलाय, पंधरा-वीस आधणं झाली की इथं टाकतो.

---

तापमापक_भोसरी

भाऊ, स्टिकर आजच बदला. गन ११८.५ दाखवते तेव्हा खरं १२० आहे, म्हणजे रीडिंगमध्ये १.५ मिळवायचे. चूक वजा १.५ असली तरी करेक्शन अधिक १.५ असतं, उद्या दुसऱ्या कुणी स्टिकर बघून वजा केले तर तीन डिग्रीचा फरक पडेल. सर्टिफिकेट आल्यावर पण आधी बघा वरती एरर लिहिलंय का करेक्शन. स्टिकरवर सरळ असं लिहा: गन ११८.५ = खरं १२०. मामांना पण तेच वाचायला सोपं जाईल.